कठडा नसलेल्या दोन हजार पायऱ्या

माझ्या साडूंइतका सुरक्षित माणूस सबंध आखातात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याबरोबर कुठे जाण्याइतकी धोक्याची गोष्टही दुसरी नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. दुबईत अल बर्शातल्या एकाच बिल्डिंगमध्ये मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काढली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग जपानमधल्या एका डोंगरावरच्या देवळात जाऊन धडधाकट परतलोही आहे. धडधाकट मी परतलो. त्यांचं तसं म्हणता येणार नाही, पण ते पुढे येईलच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका अवाढव्य गोदामात ते तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. गोदामाच्या दारात 'शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले' अशी एक पाटी होती आणि तिच्यावरचा आकडा रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने बदलत. आकडा चार अंकी झाला तेव्हा पाटीवरच्या तीन चौकटी अपुऱ्या पडल्या. त्यांनी नवी पाटी करून घेतली आणि संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. शेजारच्या केरळी बाई ताईंचं अभिनंदन करायला आल्या आणि "बेटा या बेटी?" म्हणून विचारून गेल्या. ताई म्हणजे माझी मेव्हणी. पन्नाशीच्या ताईंनी "पाटी" एवढंच उत्तर दिलं आणि दार लावून घेतलं.

बिल्डिंग अकरा मजल्यांची, पण साडूंनी घर घेतलं ते दुसऱ्याच मजल्यावर. का, तर दुसऱ्या मजल्यावरून उडी मारली तर पाय मोडतो, माणूस मोडत नाही. आम्ही सातव्यावर राहायचो, म्हणून ते आमच्याकडे कायम हळहळत्या नजरेने बघत. हॉटेलात गेलं की मेनूकार्डाच्या आधी ते बाहेर पडायची दारं मोजत, आणि दोनपेक्षा कमी निघाली तर आम्ही उपाशी बाहेर येत असू. दुबईतल्याच ऊद मेथा भागात एका ओळखीच्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात तर त्यांनी मुलाच्या वडिलांच्या हातातून माइक घेऊन "आग लागल्यास जमण्याची जागा पार्किंगमध्ये, पांढऱ्या व्हॅनच्या शेजारी" असं जाहीर केलं होतं. मुलाकडच्या चार म्हाताऱ्या बायका तेवढं ऐकूनच उठल्या आणि जेवणं होईपर्यंत पांढऱ्या व्हॅनशेजारी उभ्या राहिल्या.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. आरतीच्या वेळी बाकी सगळ्यांच्या हातात टाळ असायचे, साडूंच्या हातात अग्निशामक नळकांडं. ते नुसतं धरून उभे राहत, म्हणून आम्ही त्याकडे सजावटीचा भाग म्हणून बघायला शिकलो होतो. एका वर्षी माझ्या बायकोने कापूर जरा सढळ हाताने घातला. ज्योत वीतभर वर गेली मात्र, साडूंनी "बाजूला व्हा!" अशी आरोळी ठोकली आणि पिन ओढली. पांढरी भुकटी खाली बसायला पाच मिनिटं लागली. बाप्पा काश्मीरहून आल्यासारखे दिसत होते आणि एकवीस उकडीच्या मोदकांपैकी एकही कुणाला सापडेना. साडू घड्याळाकडे बघत म्हणाले, "रिस्पॉन्स टाइम चार सेकंद." नंतर ताईंनी एक अक्षर न बोलता परत उकड काढायला घेतली. ताई कधीच काही बोलत नसत. तीस वर्षं त्यांना साडूंनी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढू दिलं नव्हतं, गॅलरीच्या कठड्याजवळ उभं राहू दिलं नव्हतं आणि जत्रेतल्या पाळण्यात बसू दिलं नव्हतं. त्या हसून "बरं" म्हणत. आम्हाला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा.

आता यात जपान कुठून आलं ते सांगतो. साडूंच्या गोदामात एक जपानी पॅकिंग मशीन होतं आणि ते तपासायला दर वर्षी एक जपानी इंजिनियर यायचा. हा माणूस प्रत्येक बटणाकडे बोट दाखवून, ते काय आहे हे मोठ्याने म्हणून, मगच ते दाबायचा. तिकडे रेल्वेतसुद्धा असंच करतात म्हणे, म्हणजे चूक होत नाही. साडूंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात आपल्यासारखा दुसरा माणूस भेटल्यावर येतं तसं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दर वर्षी दोन दिवस ते दोघं गोदामभर शेजारी शेजारी बोटं दाखवत हिंडायचे. ती सवय मग घरी आली. निघताना साडू दारात उभे राहून हात ताणून बोट दाखवत आणि ओरडत, "गॅस बंद, बरोबर! इस्त्री बंद, बरोबर! बायको बाहेर, बरोबर!" माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती म्हणायची, "काका इज लाइक अ ट्रॅफिक पोलीस विदाउट ट्रॅफिक."

त्या इंजिनियरने एकदा जाताना आपल्या गावाकडचं कॅलेंडर भेट दिलं. त्यात नोव्हेंबरच्या पानावर एका डोंगराचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना देवदारासारखी आभाळाला टेकलेली झाडं, मधून वर वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि टोकाला कुठेतरी धुक्यात देऊळ. शिंतो या तिकडच्या जुन्या धर्मात डोंगरच देव असतो म्हणे. त्या देवळाचं नाव साडूंना कधीच नीट म्हणता आलं नाही, त्यामुळे मीही सांगत नाही. ते त्याला 'आपला डोंगरवाला' म्हणायचे. पण चित्रात बघण्यासारखं एवढं सगळं असताना साडूंनी पाहिलं काय? तर कठडा नाही!

"साडूभाऊ, मी काउंट केल्या नेटवर बघून," ते मला म्हणाले. ते मला आणि मी त्यांना साडूभाऊच म्हणतो. "दोन हजारच्या वर पायऱ्या आहेत. दगडी. ओल्या. हँडरेल शून्य! आणि हीच माणसं बटणाला बोट दाखवल्याशिवाय हात लावत नाहीत. हे जमतं कसं यांना?"

हा प्रश्न त्यांना सात वर्षं छळत होता. आठव्या वर्षी त्यांची साठी आली. मार्चमध्ये नोकरी संपणार, नोकरीबरोबर कंपनीचा व्हिसा संपणार, आणि मग कायमचं पुण्याला. त्या आधीच्या ऑक्टोबरात ते एक दिवस आमच्याकडे आले आणि चहा न घेता म्हणाले, "नोव्हेंबरात आपण सगळे जपानला जातोय. मला तो जिना बघायचाय." निवृत्तीच्या आधी कुणी काशीला जातं, कुणी हजला जातं. आमचे साडू जिन्याची तपासणी करायला निघाले.

तयारी महिनाभर चालली. दुबईत डोंगर नाही, तेव्हा आमच्या बिल्डिंगचा आगीच्या वेळचा जिना पक्का झाला. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण पाठीवर पिशव्या घेऊन त्यात शिरलो. अकरावा मजला गाठला तेव्हा कळलं, की त्या जिन्याची दारं आतून बाहेर उघडतच नाहीत. एकदा आत शिरलं की थेट तळमजला. साडूंना याचा कोण आनंद झाला! "बघा, डिझाइन किती करेक्ट आहे! पळणारा माणूस परत आगीत जाऊ नये म्हणून." आम्ही अकरा मजले परत उतरलो आणि कचऱ्याच्या खोलीशेजारच्या दारातून घामाने निथळत बाहेर पडलो. तिथे आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, खुर्ची टाकून बसला होता. तो ताडकन उठला.

"साब, लिफ्ट तो चालू है!"

"लिफ्ट नहीं चाहिए," साडू धापा टाकत म्हणाले. "हमको भगवान के पास जाना है."

नातूरने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. "इन्शाल्ला," तो हळूच म्हणाला, "लेकिन इतनी जल्दी क्या है, साब?"

देवळाचे नियमही साडूंनी छापून आणले होते. कमानीतून शिरताना वाकायचं. वाटेच्या मधून चालायचं नाही, कारण मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर बांबूच्या ओगराळ्याने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ, मग परत डावा. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, परत एकदा वाकायचं. मला वाटतं, साडू त्या देवाच्या प्रेमात पडले ते तिथेच. इतकी स्पष्ट कार्यपद्धती असलेला देव त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "आपल्याकडे कसं, कोणी साष्टांग घालतो, कोणी लांबूनच कानाला हात लावतो. सिस्टिम नाही," असं ते खंतावून म्हणायचे.

प्रत्यक्ष डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि थंडीने आमच्या आखाती हाडांत घर केलं होतं. समोर मोठी लाल कमान. साडू वाकले, आम्ही वाकलो. कुंडावर हात धुतले. मग साडूंनी पुढे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दहाबारा जपानी म्हाताऱ्या बायकांचा एक घोळका खुशाल वाटेच्या मधोमध चालला होता. "एक्स्क्यूज मी! सेंटर इज फॉर गॉड! कीप लेफ्ट, प्लीज!" साडू दोन्ही हातांनी त्यांना कडेला सारू लागले. त्या बायका थक्क झाल्या, मग हसल्या, आणि मग अत्यंत आज्ञाधारकपणे एका ओळीत डावीकडे गेल्या. माझी मुलगी झाडाआड जाऊन उभी राहिली. "बाबा, ही इज डुइंग क्राउड कंट्रोल फॉर देअर गॉड. इन देअर कंट्री."

पण खरा घोटाळा शंभर पावलांवर होता. तिथे एक पिवळी पाटी होती, तिच्यावर जपानी अक्षरं आणि एका काळ्या अस्वलाचं चित्र. साडू तिच्यासमोर थबकले. अर्धं आयुष्य फोर्कलिफ्ट आणि विजेच्या तारांशी लढण्यात गेलेल्या माणसाला अस्वल म्हणजे नवाच विभाग. त्यांनी आम्हाला अर्धवर्तुळात उभं केलं आणि बोट पाटीकडे ताणून म्हणाले, "अस्वल! बरोबर!"

"बरोबर काय?" माझी बायको घाबरून म्हणाली. "भाऊजी, परत जाऊ या."

"घाबरायचं नाही. आवाज करत जायचं. आवाज ऐकला की ते लांब राहतं. त्या बायका बघा, सगळ्यांच्या पिशव्यांना घंटा बांधलेल्या आहेत." होत्या खऱ्या. आमच्याकडे घंटा नव्हती. साडूंनी क्षणभर विचार केला. "टाळ्या. आपण आरत्या म्हणत जायचं."

आणि खरोखर, त्या हजार वर्षांच्या झाडांखालून, धुक्यातून, आम्ही पाच जण गणपतीची, मग शंकराची, मग देवीची आरती खड्या आवाजात म्हणत, टाळ्या पिटत चढू लागलो. दर पन्नास पायऱ्यांना साडू थांबून "सगळे पाच, बरोबर!" अशी गणती घेत. मागून त्या म्हाताऱ्या बायका येतच होत्या. त्यांना वाटलं असणार, हे फारच भाविक लोक आहेत. तिसऱ्या आरतीला त्यांनीही ताल धरला. त्यातली एक, पांढरी टोपी घातलेली, ऐंशीच्या आसपासची, हातातली काठी काखेत धरून अगदी नेमक्या जागी टाळी देत होती. आमच्या घरी बावीस वर्षं आरतीला येणाऱ्यांना ते जमलेलं नाही.

अर्धी चढण झाली होती. तिथल्या पायऱ्या झिजलेल्या होत्या आणि त्यांच्यावर हिरवंगार शेवाळ. साडूंनी आरती थांबवली. "सगळे इकडे बघा. ओल्या पायरीवर पाय कसा ठेवायचा नाही, ते दाखवतो," असं म्हणून त्यांनी पाय ठेवला. त्यांनी इतकं हुबेहूब दाखवलं, की पुढच्या क्षणी ते चार पायऱ्या खाली बसलेले होते आणि त्यांचा डावा घोटा हां हां म्हणता सुजत होता.

कुणी हसलं नाही. ते पडले म्हणून नव्हे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. तीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस पडला नव्हता, आणि पहिला पडला तो हा. पांढऱ्या टोपीच्या बाई पुढे झाल्या. पिशवीतून एक पातळ निळा पंचा काढून त्यांनी घोटा करकचून बांधला, गाठ मारली आणि त्या गाठीकडे बोट दाखवून काहीतरी मोठ्याने म्हणाल्या. साडूंनी हुंदका दिल्यासारखं "बरोबर" म्हटलं.

मग ते म्हणाले, "खलास. नियम नियम आहे. जखमी माणसाने काम थांबवायचं. सगळ्यांनी खाली जायचं."

"तुम्ही बसा," ताई म्हणाल्या. "मी वर जाऊन येते."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं, कारण आवाज ताईंचा होता.

"अगं, कठडा नाहीये!"

"दिसतंय मला." ताईंनी पदर कमरेला खोचला. "एकतीस वर्षांत तुम्ही मला कशावर चढू दिलं नाहीत. मी म्हटलं, राहू दे, काळजीपोटी करतात. पण आता इथवर आणलंत ना? अजून चार महिन्यांनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसायचंच आहे. आज मला वर जायचंय." आणि त्या निघाल्या. टाळ्या नाहीत, आरती नाही. दोन्ही हात मोकळे सोडून, एक एक पायरी, आणि चक्क वाटेच्या मधून.

साडू बघत राहिले. त्यांच्या तोंडून सवयीने "सेंटर इज" एवढं निघालं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, बोट दाखवतायत. पण ते पांढऱ्या टोपीच्या बाईंकडे त्यांची काठी मागत होते. बाईंनी ती दिली. साठ वर्षांचा सेफ्टी ऑफिसर सुजलेल्या पायाने, दुसऱ्याच्या काठीवर, हजारभर ओल्या पायऱ्या लंगडी घालत चढला. मी मध्येमध्ये आधार देत होतो. वाटेत एकदा ते एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, ही बाई किती भरभर चढते हो! मला माहीतच नव्हतं."

वर पोचलो तर देवळाच्या मागे डांबरी रस्ता, पार्किंग, आणि बसमधून उतरणारी कडक इस्त्रीची माणसं. खालून वरपर्यंत बस येत होती. तीही दर तासाला. माझ्या बायकोने साडूंकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर पाहून एखादं अस्वल परत फिरलं असतं. साडूंचं लक्ष नव्हतं. गवताच्या जाड छपराखाली ताई उभ्या होत्या, गाल लाल झालेले, केस सुटलेले, आणि त्या एकट्याच मनसोक्त हसत होत्या. साडू त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघं दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या, परत वाकली. टाळ्या एकदम पडल्या.

तिथे लाकडी पाट्या मिळतात. त्यांच्यावर आपली इच्छा लिहायची आणि देवळापाशी टांगायची. साडू ओट्यावर बसून बराच वेळ लिहीत होते. मी डोकावलो. वर इच्छा एका ओळीत होती, 'हिला बरं वाटावं.' ते कसं, कशाबद्दल, काहीच खुलासा नव्हता. उरलेल्या पाटीवर बारीक अक्षरांत पत्ता होता. आपल्या दुबईत पत्ता कसा सांगतात तुम्हाला ठाऊक असेल. मेट्रोतून उतरून मॉलच्या बाजूला यायचं, फार्मसीच्या मागे वळायचं, नातूरला विचारायचं. ते सगळं देवासाठी मराठीत लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'सातवा मजला.'

"साडूभाऊ, चुकलं. सातवा आमचा. तुमचा दुसरा."

"चुकलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मार्चनंतर दुसऱ्या मजल्यावर कोण असेल? देवाचं काही उत्तर आलं तर ते घ्यायला माणूस नको का?"

आम्ही बसने खाली आलो. बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या आणि साडूंनी त्यांना खिडकी बंद कर म्हणून सांगितलं नाही. पायथ्याशी, पायऱ्यांनीच उतरणाऱ्या त्या बायकांची वाट बघत आम्ही दोन तास थांबलो, काठी परत द्यायला. निळा पंचा मात्र बाईंनी घेतला नाही.

मार्च आला. तीस वर्षांचं घर वीस खोक्यांत बसलं, कार्गोने गेलं. दुसरा मजला रिकामा झाला आणि शेवटचे आठ दिवस दोघं आमच्याकडे, सातव्या मजल्यावर राहिली. साडू रात्री गॅलरीचं दार दोनदा तपासत, पण ताई सकाळी तिथेच कठड्याला टेकून चहा पीत.

विमान दुपारचं होतं. मी सोडायला गेलो. आत जायच्या दारापाशी मी म्हटलं, "आता या परत. व्हिजिट व्हिसा काढतो मी."

"पाहुणे म्हणून?" ताई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

साडूंनी माझा हात हातात घेऊन उगीचच दोनदा दाबला, खांद्यावरची पिशवी सारखी केली, आणि दोघं आत गेली. काचेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. मग पार्किंगमध्ये आलो, आणि गाडी सापडेना. एक मजला पालथा घातला, दुसरा घातला. सगळे खांब सारखे, सगळ्या गाड्या पांढऱ्या. वीस मिनिटांनी, घामाघूम होऊन एका खांबाला टेकलो, तेवढ्यात फोन वाजला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"साडूभाऊ, आम्ही गेटवर बसलोय. गाडी तिसऱ्या मजल्यावर आहे, खांब बेचाळीस. उतरताना तुमचं लक्ष नव्हतं, मी बघून ठेवलं होतं. सावकाश जा."

गाडी तिथेच होती. मी बसलो, पट्टा लावला, आणि किती तरी वेळ सुरूच केली नाही.